कोड सेन्सरचा, दोष तारेचा

भारत स्टेज-४ च्या काळात अवजड डिझेल इंजिनाला दर किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे गॅरेजच्या भाषेत नॉक्स, हवेत सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० ला स्टेज-६ लागू झालं आणि ही मुभा ०.४६ ग्रॅमवर आली. मधलं स्टेज-५ आपण गाळलंच. चाचणीचं चक्रही बदललं असल्यामुळे दोन आकड्यांची तुलना अगदी काटेकोर नाही, पण ढोबळ हिशेबाने ही ८७ टक्के कपात आहे. त्याच झटक्यात धुरातल्या कणांचं वजन ०.०३ ग्रॅमवरून ०.०१ वर आलं आणि डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर.

एवढी कपात इंजिनाच्या पोटात होत नाही, ती सायलेन्सरच्या जागी बसलेल्या रसायनशाळेत होते. आधी ऑक्सिडेशन कॅटलिस्ट, मग काजळी अडवणारा डीपीएफ, मग युरियाचा फवारा आणि त्यामागे एससीआर कॅटलिस्ट. या सगळ्यावर नजर ठेवायला पुढे-मागे एकेक नॉक्स सेन्सर, तीन-चार तापमानाचे, एक दाबातल्या फरकाचा, युरियाच्या टाकीत पातळी, तापमान आणि दर्जा सांगणारे. प्रत्येकाला दोन ते चार तारा आणि एक कपलर. रसायनशाळेचं काम रसायनाचं असलं तरी तिचं आजारपण बरेचदा विजेचं असतं, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच बिल फुगतं. स्कॅनरवर सेन्सरचं नाव आलं की सेन्सर बदलायचा, ही रीत पडली आहे. नॉक्स सेन्सरची किंमत पाच आकड्यांत जाते. मल्टिमीटर हजार-दोन हजारात मिळतो आणि बहुतेक गॅरेजांत तो असतोही, पण खणात.

३६ तास, १०० तास

घाई का होते, ते आधी समजून घ्यायला हवं. युरो-६ आणि त्यावर बेतलेले आपले नियम चालकाला नुसता दिवा दाखवून थांबत नाहीत. युरियाची टाकी १० टक्क्यांच्या खाली गेली की इशारा, २.५ टक्क्यांच्या खाली गेली की इंजिनाचा टॉर्क २५ टक्क्यांनी कमी, आणि टाकी कोरडी झाली की गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरला बांधला जातो. युरियाऐवजी पाणी ओतलं किंवा फवारणीच थांबली, तर पहिली शिक्षा १० तासांनी आणि दुसरी २० तासांनी. नजर ठेवणारी यंत्रणाच आंधळी झाली, म्हणजे एखाद्या नॉक्स सेन्सरचा संपर्क तुटला, तर मुदत ३६ आणि १०० तासांची. हे इंजिन चालू असतानाचे तास आहेत, घड्याळाचे नव्हेत.

म्हणजे एक तार तुटली की ३६ तासांनी १,००० न्यूटन-मीटरचं इंजिन ७५० चं होतं. धावत्या गाडीची ताकद एकाएकी तोडत नाहीत. मुदत भरल्यावर गाडी पहिल्यांदा उभी राहिली की कपात लागू होते. खोपोलीला चहासाठी थांबलेला ट्रक समोर बोरघाट असताना एक चतुर्थांश ताकद कमी घेऊन निघतो, तो यामुळे. चालक फोनवर सांगतो, ‘गाडी पिकअप घेत नाही.’ मालक म्हणतो, काय लागेल तो पार्ट टाक पण गाडी सोड. मिस्त्रीलाही तेच सोयीचं पडतं.

एका कोडात दोन आकडे

अवजड गाड्यांत जे-१९३९ ही भाषा चालते. तिच्या प्रत्येक कोडात मुख्य आकडे दोन. पहिला एसपीएन, तो कशाबद्दल तक्रार आहे ते सांगतो. ३२१६ म्हणजे एससीआरच्या आधीचा नॉक्स, ३२२६ म्हणजे नंतरचा, ३२५१ म्हणजे डीपीएफच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, १७६१ म्हणजे युरियाची पातळी, ४३६४ म्हणजे एससीआरची कार्यक्षमता. दुसरा आकडा एफएमआय, ० ते ३१ मधला. तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते तो सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे सर्किट उघडं, ९ म्हणजे संदेश वेळेवर येत नाहीत, १८ म्हणजे वाचन असायला हवं त्याहून कमी.

गॅरेजात पहिला आकडा वाचतात आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतात. पण ३२२६ ला ९ लागला आणि ३२२६ ला ५ लागला, ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. नॉक्स सेन्सरचं टोक सायलेन्सरमध्ये खुपसलेलं असतं, त्याच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला छोटी इलेक्ट्रॉनिक डबी असते आणि दोन्ही मिळून एकच पार्ट असतो. ही डबी गाडीतले संदेश वाहणाऱ्या तारांवरून, म्हणजे कॅन बसवरून, बोलते. तिने स्वतःच ‘माझं टोक उघडं आहे’ असा ५ नंबरचा निरोप पाठवला असेल, तर निरोप पोचला याचाच अर्थ डबीपर्यंतची वीज आणि बस दोन्ही जिवंत आहेत. तिथे सेन्सर बदलणं बरोबर. पण ९ आला असेल, तर डबी गप्प आहे. ती मेली असेल, किंवा तिला वीज मिळत नसेल, अर्थ सुटली असेल, बसची तार तुटली असेल. चार शक्यतांपैकी एकीसाठी पाच आकडी पैसे मोजायचे, बाकीच्या तिघींची तपासणी न करता, हा जुगार आहे.

६० ओहम

कॅन बस म्हणजे एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध. दोन्ही समांतर असल्यामुळे मधून कुठूनही मोजलं तर ६० ओहम दिसायला हवेत. बॅटरीचा कटऑफ काढायचा, थोडा वेळ थांबायचं, आणि सेन्सरच्या कपलरवर किंवा निदानाच्या सॉकेटवर मीटर लावायचा. १६ पिनांच्या सॉकेटमध्ये या तारा सहसा ६ आणि १४ नंबरवर असतात. मात्र काही गाड्यांत सॉकेट आणि आतली बस यांच्यामध्ये गेटवे असतो; तिथे सॉकेटवरचं मोजमाप आतल्या बसबद्दल काही सांगत नाही, कपलरपाशीच जावं लागतं.

६० आले तर बसचा कणा शाबूत. १२० आले तर एका टोकाचा रोध गायब आहे किंवा मध्येच तार तुटली आहे. ४० आले तर कुणीतरी तिसरा १२० जोडला आहे. रोध आत असलेला चुकीचा पार्ट बसवला की असं होतं. शून्याच्या आसपास आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या.

मग कटऑफ लावून चावी फिरवायची आणि व्होल्टेज पाहायचं. बस शांत असताना दोन्ही तारा सुमारे २.५ व्होल्टवर असतात. बोलताना एक ३.५ कडे चढते, दुसरी १.५ कडे उतरते. साधा मीटर सरासरी दाखवतो, म्हणून २.६ आणि २.४ सारखे आकडे दिसतात. माझ्या मते यातली सर्वात कामाची खूण म्हणजे बेरीज. दोन्ही वाचनांची बेरीज ५ च्या जवळ नसेल, तर एक तार कुठेतरी अर्थला किंवा सप्लायला टेकते आहे. या दोन तपासण्यांतून सराव असलेल्या माणसाला चहा थंड व्हायच्या आत उत्तर मिळतं.

ओहमने न सापडणारा अर्धा ओहम

इथे एक मोठा गैरसमज आहे. तारेची दोन टोकं मीटरला लावली, मीटर ‘बीप’ वाजला, की तार चांगली असं समजतात. पण २० धाग्यांच्या तारेतले १९ तुटले आणि एक उरला तरी बीप वाजतोच. मीटर तपासताना अगदी किरकोळ प्रवाह सोडतो आणि तेवढ्याला एक धागा पुरतो. शिवाय मीटरच्या स्वतःच्या प्रोबांचा रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो, त्यामुळे अर्ध्या ओहमचा दोष डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

आता हिशेब करू. समजा एखाद्या हीटरला ६ अँपिअर लागतात आणि गंजलेल्या अर्थमध्ये ०.५ ओहम रोध आहे. ६ गुणिले ०.५, म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच गेले. २४ पैकी २१ पोचले. आणि त्या गंजलेल्या जागी ६ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे १८ वॅट उष्णता तयार होते आहे. बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये १८ वॅट! कपलर पिवळा पडतो, मग काळा, मग वितळतो.

नॉक्स सेन्सरचं हे दुखणं नाजूक आहे. त्याचं झिर्कोनियाचं टोक सुमारे ८०० अंशांवर काम करतं आणि तेवढं तापवायला आत हीटर असतो. सायलेन्सरमधला ओलावा उडून गेला याची खात्री होईपर्यंत गाडीचा संगणक हा हीटर पूर्ण ताकदीने लावत नाही, कारण तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं. वीज कमी पोचली की टोक वेळेत तापत नाही, सेन्सर ‘तयार’ होत नाही, कोड पडतो. नवा सेन्सर टाकला, तरी त्याच अर्थवर तोही अडखळतो.

उपाय जुनाच आहे: दोष मोजायचा तो भार चालू असताना. मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब थेट बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल प्रोब सेन्सरच्या कपलरमध्ये मागून घातलेल्या अर्थच्या पिनेवर. इंजिन चालू, हीटर चालू. ०.१ व्होल्टपर्यंत दिसलं तर उत्तम. ०.२ पर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची वाट पकडून एकेक सांधा मागे मोजत यायचं, आणि ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम पडतो, तोच गुन्हेगार. बरेचदा तो चासीवरचा एक बोल्ट असतो, ज्याच्याखाली रंग तसाच राहिला आहे किंवा ज्याच्यावर नंतर कुणी हॉर्न, फॉग लॅम्प आणि केबिनमधल्या पंख्याची अर्थ कोंबली आहे.

प्रोब मागून घालायचा, तारेचं आवरण टोचून नाही. टोचलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी आत जातं.

५ व्होल्टची सामाईक चूल

दाबाच्या सेन्सरला संगणक ५ व्होल्ट पुरवतो, आणि हेच ५ व्होल्ट अनेक सेन्सरांत वाटलेले असतात. एका सेन्सरने आतून शॉर्ट केलं की सगळ्यांचे ५ व्होल्ट कोसळतात आणि स्कॅनरवर एकदम चार-पाच कोड उगवतात. गाडीला साडेसाती लागली असं वाटतं. तपास मात्र सोपा आहे: ५ व्होल्टच्या तारेवर मीटर ठेवायचा आणि एकेक कपलर काढत जायचा. ज्याच्या काढण्याने ५ परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची शाखा दोषी. सगळे काढूनही आले नाहीत तर तार किंवा संगणक.

डीपीएफच्या सेन्सरची गंमत अशी की तो नापास न होताही खोटं बोलू शकतो. अशा सेन्सरांत शून्य दाबाला सुमारे ०.५ व्होल्ट आणि कमाल दाबाला ४.५ हे नेहमीचं प्रमाण. समजा कमाल दाब १०० किलोपास्कल आहे आणि सेन्सरची अर्थ ०.४ व्होल्टने वर उचलली गेली आहे. मग इंजिन बंद असतानाही संगणकाला ०.५ ऐवजी सुमारे ०.८६ व्होल्ट दिसतील, म्हणजे ९ किलोपास्कल दाब, जो कुठेच नाही. संगणक समजतो काजळी साचली. तो जास्तीचं डिझेल जाळून डीपीएफ ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापवतो, काजळी जाळायला. काजळी नसतेच. मालक तक्रार करतो की अ‍ॅव्हरेज पडलं. चावी चालू, इंजिन बंद, आणि स्कॅनरवर दाबातला फरक शून्य आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे.

४ चा ३ झाला का?

तापमानाच्या सेन्सरांसाठी एक युक्ती आहे, तिला मीटरही लागत नाही. यातले बरेच सेन्सर पीटी-२०० जातीचे असतात: प्लॅटिनमची तार, ० अंशाला २०० ओहम, आपल्या ३० अंशांच्या सकाळी सुमारे २२३, आणि ६०० अंशांना सव्वासहाशेच्या आतबाहेर. संगणक या तारेवर आतून थोडं व्होल्टेज लावून ठेवतो. सर्किट उघडं पडलं की व्होल्टेज वर जातं, एफएमआय ३ येतो. अर्थला टेकलं की खाली, एफएमआय ४.

कोड ४ आहे? सेन्सरचा कपलर काढा. ४ जाऊन ३ आला, तर तार आणि संगणक दोघेही निर्दोष, सेन्सर आतून शॉर्ट. ४ तसाच राहिला, तर सेन्सरला हातही लावू नका, तार कुठेतरी सायलेन्सरवर भाजून चासीला टेकली आहे. कोड ३ असेल तर उलट करायचं: कपलर काढून त्याच्या दोन पिना छोट्या तारेने जोडायच्या. ४ आला तर वायरिंग ठीक. ही युक्ती फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरवर. जिथे बॅटरीचा सप्लाय येतो तिथे अशी तार लावली तर फ्यूज जाईल, किंवा फ्यूजच्या आधी दुसरंच काहीतरी.

पांढरी भुकटी

टाकीतलं द्रावण ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. हेच प्रमाण का, तर त्याचा गोठणबिंदू सर्वात खाली, उणे ११ अंशांवर जातो. लडाखला जाणाऱ्या गाडीला याचं महत्त्व. आपल्याकडे त्याचा दुसरा स्वभाव नडतो. युरिया तांब्या-पितळेला खातो आणि चिंचोळ्या जागेत आपोआप चढतो. कपलरच्या सीलमधून तो शिरला की तारेच्या धाग्यांमधून, आवरणाच्या आतून, वातीसारखा वर सरकत जातो आणि वाळेल तिथे पांढरे स्फटिक सोडतो. फवारा मारणाऱ्या डोझरच्या कपलरमधला युरिया मीटरभर लांबच्या दुसऱ्या कपलरमध्ये सापडू शकतो, मधली तार बाहेरून कोरी करकरीत असताना. म्हणून कोड आला नसला तरी युरियाच्या वाटेवरचे कपलर उघडून पाहिले पाहिजेत.

स्फटिक नुसते पुसून किंवा कॉन्टॅक्ट स्प्रे मारून जात नाहीत. कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळतात. पिन हिरवी पडली असेल तर धुणं व्यर्थ. तार मागे कापत जायचं, तांबं लखलखीत लागेपर्यंत. धागे काळे दिसले की आणखी मागे. मग त्याच जाडीची तार, नीट दाबलेला सांधा आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. काळी इन्सुलेशन टेप सायलेन्सरजवळ एक उन्हाळा काढत नाही. कॅनच्या तारा असतील तर पीळ पुन्हा घालायचा. सरळ ठेवलेल्या दोन तारा आजूबाजूचा विद्युत गोंगाट पकडतात, आणि मग गाडी फक्त ठरावीक वेगाला कोड देते, उभी असताना कधीच नाही.

प्रेशर वॉशरचा फवारा थेट कपलरवर मारणं आणि बॅटरी न काढता चासीला वेल्डिंग करणं, हे आपल्याकडचे आणखी दोन घरगुती शत्रू. उंदीर तिसरा.

कार्यक्षमतेचा कोड शेवटी

एससीआरच्या आधी दशलक्षात ५०० भाग नॉक्स आणि नंतर २५, म्हणजे ९५ टक्के काम झालं. नंतरच्या सेन्सरने ५० भाग जास्त दाखवले तर तेच काम ८५ टक्के दिसतं. कॅटलिस्ट तोच, युरिया तोच. नॉक्स सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो, त्यामुळे युरिया जास्त पडला तरी आकडा फुगतो. म्हणून ४३६४ चा कोड दिसला की कॅटलिस्टकडे वळण्याआधी विजेचे सगळे कोड संपवायचे. कॅटलिस्ट ही यादीतली सर्वात महागडी आणि सर्वात शेवटची वस्तू.

कंटाळलेले मालक मग ‘बायपास’ कडे वळतात: संगणकाला सगळं आलबेल असल्याचे खोटे संदेश देणारी डबी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा दशकभरात किमान साडेपाच लाख डिझेल पिकअप ट्रकांतली यंत्रणा काढलेली किंवा बंद केलेली निघाली, आणि त्यातून त्यांच्या आयुष्यात ५,७०,००० टन जास्तीचा नॉक्स हवेत जाईल असा अंदाज होता. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखाली प्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण डिझेल गाडीच्या पीयूसीत मोजतात तो धुराचा दाटपणा. स्टेज-६ ला त्याची मर्यादा ०.७ आहे. नॉक्स दिसत नाही आणि तिथे मोजलाही जात नाही. डीपीएफ शाबूत ठेवून एससीआर आंधळा केलेला ट्रक हे प्रमाणपत्र खुशाल घेऊन जातो. हे छिद्र मला दंडाच्या रकमेपेक्षा जास्त चिंतेचं वाटतं.

नीट दुरुस्त केलेल्या गाडीचा पुरावा रस्त्यावरच मिळतो. भार घेऊन गाडी चालवायची, सायलेन्सर २०० अंशांच्या वर जाऊ द्यायचा, कारण त्याखाली युरियाचा फवारा सुरूच होत नाही, आणि स्कॅनरवर आधीचा व नंतरचा नॉक्स शेजारी शेजारी पाहायचा. नंतरचा खाली येऊन स्थिरावला, खाचखळग्यांवर उडी मारत नाही, तर काम झालं. मोजलेले आकडे जॉब कार्डावर लिहून ठेवावेत: अर्थवर किती व्होल्ट, बसवर किती ओहम. पुढच्या वेळी तुलनेला काहीतरी हाती असतं.

नुसता कोड पुसून गाडी सोडणाऱ्यांसाठी नियमात एक खोच आहे. दोष गेल्यासारखा वाटला की तासांची मोजणी थांबते, पण लगेच शून्यावर येत नाही. इंजिनाचे ३६ तास निर्दोष जावे लागतात. त्याआधी तोच दोष परत आला, तर मोजणी थांबली होती तिथून पुढे सुरू होते. ३४ तास भरल्यावर कपलर हलवून गाडी ‘बरी’ केली आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सुटला, तर चालकाच्या हाती उरतात २ तास.